आकाशातील पट : रेलिबच्या साह्याने संगणकीय खेळ घडविण्याचा पहिला पाठ

दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजालसुत्तात, श्रमण गोतम ज्या गोष्टींपासून विरत राहतात त्यांची मोठी यादी आली आहे. तीत खेळांचीही नावे आहेत. अट्ठपद म्हणजे ओळीला आठ घरे असलेला पट, दसपद म्हणजे दहा घरांचा. घटिक हा आपल्या विटीदांडूच्या जातीचा. अक्खरिक म्हणजे हवेत किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखणे. याच यादीत 'आकास' नावाचा एक खेळ आहे. त्याचा परंपरेने सांगितलेला अर्थ असा, की तो पटावाचून खेळावयाचा. घरे आकाशात आहेत असे मानावयाचे, सोंगट्याही मनातच, आणि प्रत्येक सोंगटी या क्षणी कोठे आहे ते दोन्ही खेळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयाचे.

संगणक-कक्षात मुलांना खेळ तयार करावयास शिकवावे, असा प्रस्ताव आमच्यापुढे आला तेव्हा हीच यादी पुढे करून आम्ही त्यास विरोध केला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतलेल्या मुलांचे डोळे पाहिले की सुट्टी कशात गेली हे विचारावे लागत नाही. घरात एकच मोबाइल, आणि तो रात्री उशिरापर्यंत यांच्या हाती. पाचव्या शीलात 'पमादट्ठान' हा शब्द आहे. तेथे तो मद्याच्या संदर्भात येतो हे खरे, पण मनुष्याला गाफील करणारे स्थान केवळ बाटलीतच असते असे नाही. आमचा आक्षेप आजही तेवढ्यापुरता कायम आहे.

मत बदलले ते खेळण्याविषयी नव्हे, घडविण्याविषयी. शाळेचा एक माजी विद्यार्थी सुट्टीत भेटावयास आला. त्याने पेनड्राइव्हमधून आणलेली एक लहानशी सामग्री कक्षातील जुन्या यंत्रावर चढविली आणि चाळीसेक ओळी लिहून एक चौकोन पडद्यावर डावी-उजवीकडे सरकवून दाखविला. आठवीची मुले भोवती उभी होती. 'हा आकडा बदलला तर काय होईल, सर?' असे एकाने विचारले, आणि पुढचा तासभर कोणी खाली बसले नाही. चौकोनाची उजवी कड कोठे संपते यावरून दोघांत वाद झाला. त्यांनी वहीत आकृती काढून तो मिटविला. एरवी आलेखाच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारी हीच मुले. पडद्यापुढे बसूनही ती गाफील नव्हती, हे आम्हास मान्य करावे लागले. ब्रह्मजालसुत्तातील आकास आठवला तो त्या दिवशी, वेगळ्या अर्थाने. तोच पाठ येथे क्रमाने मांडीत आहोत.

त्या सामग्रीचे नाव रेलिब. 'लिब' हे लायब्ररीचे लघुरूप होय. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे दालन नव्हे, तर दुसऱ्या कोणी आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञांचा संच. पडद्यावर वर्तुळ काढावयाचे तर यंत्राच्या चित्रफलकाशी थेट बोलणे हे महिन्यांचे काम आहे. ते काम संचात केलेले असते, आपण फक्त 'वर्तुळ काढ' एवढे सांगावयाचे. रॅमन सांतामारिया या बार्सिलोनाच्या शिक्षकाने २०१३ साली रेलिबचा आरंभ केला. त्याच्यापुढे बसलेले विद्यार्थी कलाशाखेचे होते, प्रोग्रॅमिंगची एक ओळही न लिहिलेले. त्यांना शिकविता यावे म्हणून त्याने ही लायब्ररी सी भाषेत लिहिली. म्हणजे ही वस्तू मुळात वर्गासाठी जन्मली. तिच्या सोपेपणाचे मूळ यात आहे. तिच्याबरोबर जाडजूड मार्गदर्शिका येत नाही. आज्ञांची काही पानांची सूची असते आणि शंभरावर लहान लहान नमुने असतात. नमुना उघडावा, चालवावा, मोडावा, पुन्हा जोडावा, ही तिची शिकविण्याची रीत.

आमच्या वयाच्या वाचकांपैकी ज्यांनी पदविकेला वा महाविद्यालयात संगणक घेतला असेल त्यांना टर्बो सीचा निळा पडदा आठवत असेल. त्यात बोर्लंड कंपनीची चित्रे काढण्याची एक लायब्ररी होती. दोन ओळींत रेघ, तीन ओळींत वर्तुळ. रेलिबच्या कर्त्याने तिचे ऋण मान्य केले आहे. फरक असा की बोर्लंडची ती लायब्ररी डॉसच्या चौकटीत अडकली, आणि डॉस गेले तशी तीही गेली. रेलिबवर लिहिलेला प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स, मॅक, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर, तसेच योग्य रूपांतर केल्यास अँड्रॉइड फोनवर आणि ब्राउझरमध्येही चालतो. निरनिराळ्या यंत्रणांवर एकच लिखाण चालणे यालाच क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात. शाळेत विंडोज आणि उद्या महाविद्यालयात लिनक्स मिळाले तरी विद्यार्थ्याचे काम वाया जात नाही.

दुसरी गोष्ट तिच्या परवान्याची. रेलिब झेडलिब नावाच्या परवान्याखाली दिलेली आहे. कोणीही ती विनामूल्य वापरावी, बदलावी, तिच्यावर केलेला खेळ विकावासुद्धा. अटी मोजक्याच : मूळ लायब्ररी आपणच लिहिली असे म्हणू नये, बदललेली आवृत्ती बदललेली म्हणूनच द्यावी, आणि मूळ कोडमधील परवान्याची सूचना काढू नये. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढणाऱ्या बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या छापखान्याचीही खटपट केली. लेखणी आपली आणि छपाईचे यंत्र दुसऱ्याच्या मर्जीवर, ही स्थिती त्यांना पुरेपूर ठाऊक होती. साधन विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलाला हे साधन पूर्ण हक्काने मिळते, याचे मोल आम्ही मोठे मानतो.

आता मांडणी. विंडोजसाठी रेलिबचे एक तयार गाठोडे मिळते. त्यात रेलिब, सी भाषेचा कंपायलर आणि नोटपॅड प्लस प्लस हा लिहिण्याचा प्रोग्रॅम असे तिन्ही एकत्र असतात. एकदा कोठेतरी चांगले इंटरनेट पाहून ते उतरवून घ्यावे. त्यानंतर पेनड्राइव्हने कितीही यंत्रांवर चढविता येते, नेटची गरज उरत नाही. शिकविताना निम्मा तास 'लोडिंग' पाहण्यात जात नाही, एवढ्यासाठीही आम्ही या साधनाच्या बाजूने आहोत. गाठोडे सी ड्राइव्हमध्ये रेलिब नावाच्या फोल्डरात उलगडते. सोबत आलेल्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून एफ-सहा ही कळ दाबली आणि संकलन करून चालविण्याची आज्ञा निवडली की प्रोग्रॅम सुरू होतो. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर आणि चित्रप्रणालीची काही पॅकेजे लागतात.

देणगीत आलेल्या जुन्या यंत्रांबाबत एक सावधगिरी. रेलिब चित्रे काढण्यासाठी ओपनजीएल नावाच्या प्रणालीचा आधार घेते आणि सामान्यतः तिची ३.३ ही आवृत्ती मागते. फार जुन्या यंत्रात ती नसते. मग खिडकी उघडतच नाही आणि मूल समजते की आपलेच चुकले. अशा वेळी रेलिब २.१ वा १.१ या जुन्या आवृत्तीसाठी पुन्हा संकलित करून घेता येते. हे काम शिक्षकाने करावे, मुलावर टाकू नये.

पुढे ज्या आज्ञा येतील त्या वाचताना तोंडात बसाव्यात म्हणून उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत टंकावयाचे. शब्दांच्या मध्ये जेथे आडवी रेघ दिली आहे तेथे टंकताना रेघ नको, मोकळी जागाही नको. फक्त पुढील शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले घ्यावे. आज्ञेचा पहिला शब्दही मोठ्या अक्षरानेच सुरू होतो. सी भाषेला लहान आणि मोठे अक्षर एकच वाटत नाही. याउलट इन्क्लूड, इंट, व्हाइल, रिटर्न हे सीचे स्वतःचे शब्द सगळे लहान लिपीत, आणि रंगांची नावे सगळी मोठ्या लिपीत. इन्क्लूडच्या आधी हॅशचे चिन्ह असते.

इन्क्लूड "रेलिब.एच"
इंट मेन(व्हॉइड)
{
इनिट-विंडो(८००, ४५०, "सन आणि घटना");
सेट-टार्गेट-एफपीएस(६०);
व्हाइल (!विंडो-शुड-क्लोज())
{
बिगिन-ड्रॉइंग();
क्लिअर-बॅकग्राउंड(रेव्हाइट);
ड्रॉ-टेक्स्ट("१९२७", १९०, २००, ४०, मरून);
एंड-ड्रॉइंग();
}
क्लोज-विंडो();
रिटर्न ०;
}

एवढ्यात एक खिडकी उघडते आणि तिच्यात तांबूस रंगाचे एक सन उभे राहते. पहिली आज्ञा ८०० ठिपके रुंद आणि ४५० ठिपके उंच खिडकी मागते. शेवटची ती बंद करते. मधल्या व्हाइलकडे नीट पाहावे, कारण खेळाचा जीव तेथे आहे. 'खिडकी बंद करावयास कोणी सांगितले आहे काय? नाही? मग पुन्हा काढ.' असे हे अखंड चक्र आहे. उद्गारचिन्हाचा अर्थ येथे 'नाही' असा. खिडकीची फुली किंवा एस्केप ही कळ दाबली की चक्र थांबते.

मुलांना येथे एक कोडे पडते. एकदा काढलेले चित्र पुन्हा पुन्हा कशाला काढावयाचे? कारण पडद्यावर काहीच सरकत नसते. सेकंदाला ६० वेळा मागचे चित्र पुसले जाते आणि नवे, किंचित वेगळे चित्र काढले जाते. वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढून पाने भरभर सुटू दिल्यावर धावणारा माणूस दिसतो, तसेच. क्लिअर-बॅकग्राउंड ही आज्ञा गाळून पाहावी, म्हणजे सरकणाऱ्या चौकोनामागे रंगाचा ओघळ उरतो आणि पुसण्याचे महत्त्व न सांगता कळते. आमच्या वर्गात एका मुलीने विचारले, 'म्हणजे सर, तो चौकोन तोच नसतो?' तो तोच नसतो, आणि अगदी वेगळाही नसतो. आधीच्या क्षणीच्या स्थितीतून पुढच्या क्षणीची स्थिती उपजते. अनित्यता शिकविण्यासाठी आम्ही आजवर दिव्याच्या ज्योतीचा दाखला देत होतो. आता दुसरा मिळाला.

ड्रॉ-टेक्स्टमधील १९० आणि २०० हे त्या अक्षरांचे स्थान. येथे गणिताच्या शिक्षकांशी आमचे थोडे भांडण होते. आलेखाच्या कागदावर उगमबिंदू खाली डावीकडे काढतात आणि वाय वर चढत जातो. पडद्यावर उगम वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली उतरताना वाढतो. वस्तू खाली पाडावयाची तर तिच्या वायमध्ये मिळवावयाचे, वजा करावयाचे नाही. नववीच्या हुशार मुलांनीसुद्धा सन खाली पाडण्याऐवजी वर उडविले. यावर उपाय एकच : यंत्राला हात लावण्याआधी वहीत खिडकी आखावी आणि चार कोपऱ्यांवर आकडे लिहावेत. ओळीच्या डाव्या टोकाला शून्य आणि उजव्या टोकाला ८००. पट आकाशात असला तरी तो कोठेतरी आखलेला असावा लागतो.

आता गती. चौकोन हलविण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक चक्रात एक्समध्ये ५ मिळविणे. चांगल्या यंत्रावर सेकंदाला ६० चक्रे होतात, म्हणून चौकोन सेकंदाला ३०० ठिपके जातो. जुने यंत्र दमले आणि ३०च चक्रे काढू शकले, तर तोच चौकोन १५० ठिपके जातो. ८०० ठिपक्यांचा पल्ला एकाला पावणेतीन सेकंदांच्या आत आणि दुसऱ्याला पाच सेकंदांहून अधिक. नियम एकच, हातही तितकाच चपळ, आणि तरी जुन्या यंत्रावर बसलेला मागे. ज्यांची मुले नेहमी दुसऱ्याच्या टाकून दिलेल्या यंत्रांवर शिकतात त्यांनी हा फरक क्षुल्लक समजू नये.

रेलिबमध्ये यावर तोड आहे. गेट-फ्रेम-टाइम ही आज्ञा मागील चक्रास किती सेकंद लागले ते सांगते. वेगाला त्या काळाने गुणावयाचे. ३०० गुणिले एकसाठांश म्हणजे ५. ३०० गुणिले एकतीसांश म्हणजे १०. हळू यंत्र कमी पावले टाकते, पण प्रत्येक पाऊल लांब पडते, आणि दोघेही एकाच वेळी पोचतात. जुन्या यंत्रावर चित्र थोडे धक्के खात दिसेल, पण अंतर आणि काळ यांचा हिशेब चुकणार नाही. वेग गुणिले काळ बरोबर अंतर हे सूत्र सातवीपासून पाठ असलेल्या मुलांना त्याचा न्यायाशी संबंध असू शकतो हे त्या दिवशी प्रथम दिसले.

येथेच आमचा एक अख्खा तास खर्ची पडला, तो सांगण्यासारखा आहे. खाली पडणाऱ्या सनाचा वेग एका विद्यार्थ्याने सेकंदाला ४० ठिपके धरला आणि स्थान 'इंट' या प्रकारच्या चलात, म्हणजे पूर्णांकात, ठेवले. सन माथ्यावर लटकून राहिले, तसूभरही हलेना. सगळ्या ओळी तपासल्या, एकही चूक नाही. कारण असे, की ४०चा एकसाठांश म्हणजे पाऊण ठिपकाही नव्हे, आणि पूर्णांकाच्या डब्यात अपूर्णांक मावत नाही. तो गळून पडतो. शून्य अधिक पाऊणहून कमी म्हणजे पुन्हा शून्य. दर चक्राला तेच. स्थान 'फ्लोट' प्रकारच्या, अपूर्णांक धरून ठेवणाऱ्या चलात ठेवताच सन अलगद उतरू लागले.

आम्ही जो खेळ घेतला तो आमच्या विषयातला होता, हे वाचकांनी ओळखलेच असेल. खिडकीच्या माथ्यावर एका घटनेचे नाव दिसते. वरून निरनिराळी सने पडतात. तळाशी एक तबक असते, ते बाणाच्या कळांनी सरकवून योग्य सन झेलावयाचे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १९२७, काळाराम मंदिर सत्याग्रहाला १९३०, पुणे कराराला १९३२, येवल्याच्या घोषणेला १९३५, नागपूरच्या धम्मदीक्षेला १९५६. कळ दाबलेली आहे काय हे इज-की-डाउन सांगते. सन कोठून पडावे यासाठी गेट-रँडम-व्हॅल्यू दोन मर्यादांमधला कोणताही एक आकडा काढून देते. तबक एक आयत, सन दुसरा आयत. दोन्ही एकमेकांवर आले काय, हे चेक-कोलिजन-रेक्स या एका प्रश्नाने कळते. आले आणि सन योग्य असले तर गुण वाढवावयाचा, सनाचा वाय पुन्हा शून्य करावयाचा आणि पुढील घटना घ्यावयाची. पडण्याचा वेग १२० ठेवला तर तळ गाठावयास पावणेचार सेकंद मिळतात. विचार करून झेलण्यास ते पुरेसे आहेत.

एका मुलाने आक्षेप घेतला की मनुस्मृतीचे दहनही महाडलाच आणि १९२७मध्येच झाले, मग एका सनाला दोन घटना चालतील काय? अवश्य चालतील. प्रत्येक घटनेजवळ तिचे सन लिहून ठेवले की झाले. सनाजवळ घटना लिहिण्याचा हट्ट धरला तरच अडचण येते. आमचा स्वतःचा आक्षेप निराळा होता. सनावळी म्हणजे इतिहास नव्हे. २० मार्च १९२७ ही तारीख झेलता येऊनही तळ्याचे पाणी कोणाला का नाकारले जात होते हे न सांगता येणारे मूल आम्हास नको आहे. म्हणून आम्ही अट घातली की योग्य सन झेलल्यावर खेळ क्षणभर थांबावा आणि त्या घटनेचे कारण मराठीत दोन ओळींत पडद्यावर यावे. या अटीने आम्हा सर्वांनाच अनपेक्षित ठिकाणी नेले.

मराठी पडद्यावर येईना. चाचणीसाठी एका मुलाने खिडकीच्या नावात आणि आतल्या मजकुरात दोन्हीकडे 'जय भीम' लिहिले. खिडकीच्या माथ्यावरील पट्टीत ते स्वच्छ उमटले. आत मात्र आधी दोन आणि मग तीन अशी पाच प्रश्नचिन्हे आली. मुले हसली, पण लिहिणारा हसला नाही. वरची पट्टी विंडोज काढते आणि विंडोजला देवनागरी येते. आतला भाग रेलिब काढते, आणि तिच्यासोबत येणाऱ्या टंकात आपली अक्षरे नाहीत. जे अक्षर सापडत नाही त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह ठेवते. म्हणून देवनागरी अंकांत लिहिलेले सनही चार प्रश्नचिन्हे होऊन पडते.

देवनागरीचा टंक स्वतंत्रपणे भरता येतो. लोड-फाँट-एक्स या आज्ञेला टंकाच्या फाइलबरोबर कोणकोणती अक्षरे हवीत त्यांचे क्रमांक द्यावे लागतात. ते न दिल्यास ती फक्त मूळ रोमन संच उचलते. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखलेल्या आहेत. ते क्रमांक दिले आणि साधी अक्षरे उमटली. पण 'शिक्षण' लिहिताच खरी अडचण दिसली. संगणकाच्या साठ्यात हा शब्द श, ऱ्हस्व वेलांटी, क, हलन्त, ष, ण अशा सहा तुकड्यांत असतो. वेलांटी उच्चारात श नंतर, म्हणून साठ्यातही नंतर. पण डोळ्यांना ती श च्या आधी हवी. क, हलन्त आणि ष यांचा मिळून क्ष व्हावयास हवा. ही जुळणी करणारी वेगळी यंत्रणा लागते आणि रेलिबमध्ये ती नाही. ती तुकडे आहेत त्या क्रमाने शेजारी शेजारी मांडते. वेलांटी चुकीच्या अक्षराला जाऊन चिकटते आणि क चा पाय मोडलेलाच राहतो. 'बुद्ध'ची गतही हीच.

यात कोणाचा दुष्ट हेतू आम्ही पाहत नाही. बार्सिलोनातील वर्गात ही गरजच नव्हती. पण ज्यांच्या लिपीची अडचण आहे त्यांनी ती मांडली आणि सोडविली नाही, तर ती दुसरे कोण सोडवील? तूर्त आम्ही चालचलाऊ मार्ग काढला. मराठी मजकूर लिब्रेऑफिसमध्ये नीट लिहावयाचा, त्याचे चित्र करून पीएनजी फाइल साठवावयाची आणि खेळात ती चित्र म्हणूनच दाखवावयाची. लोड-टेक्स्चरने चित्र आत येते, ड्रॉ-टेक्स्चरने उमटते. पाच घटना, पाच नावे, पाच कारणे, एकूण दहा चित्रे. मजकुरात शुद्धलेखनाची चूक निघाली तर चित्र पुन्हा करावे लागते, त्यामुळे मुले मजकूर तीनदा वाचू लागली, हा लाभ आगंतुक.

चित्रे वापरताना दोन ठेचा जवळपास प्रत्येकास लागतात. लोड-टेक्स्चर ही आज्ञा इनिट-विंडोच्या आधी लिहिली तर प्रोग्रॅम काही न सांगता कोसळतो, कारण चित्र ठेवण्याची जागा खिडकीबरोबरच तयार होते. आणि तीच आज्ञा चक्राच्या आत लिहिली तर चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने भरले जाते, स्मृती फुगत जाते आणि यंत्र धापा टाकू लागते. चित्रे खिडकीनंतर आणि चक्राआधी एकदाच भरावीत, शेवटी अनलोड-टेक्स्चरने सोडावीत आणि मग खिडकी मिटावी. आवाजाचेही असेच आहे. त्याआधी इनिट-ऑडिओ-डिव्हाइस म्हणावे लागते. विसरलेला अर्धविराम आणि चुकलेले मोठे अक्षर यांविषयी लिहीत नाही. ती चूक कंपायलर ओळ क्रमांकासह दाखवितो, आणि तो संदेश पाटीवर उतरवून शब्दकोशाच्या मदतीने वाचणे हा आमच्याकडे इंग्रजीचाच एक तास झाला आहे.

विंडोजवर लिहिलेली ही फाइल आम्ही एका ओळीचाही बदल न करता लिनक्सच्या यंत्रावर नेली, तेथे पुन्हा संकलित केली आणि ती चालली. फक्त चित्रांच्या एका फाइलचे नाव कोडमध्ये लहान अक्षरांत आणि प्रत्यक्षात मोठ्या अक्षराने सुरू होत होते. विंडोजने ते चालवून घेतले होते, लिनक्सने नाकारले. नावे आरंभापासूनच सगळी लहान अक्षरांत ठेवावीत.

संपूर्ण प्रोग्रॅम रोमन लिपीत, दहा चित्रांसह, संगणक-कक्षातील दारालगतच्या यंत्रावर 'सन' या नावाच्या फोल्डरात ठेवला आहे. आजी-माजी कोणाही विद्यार्थ्याने पेनड्राइव्ह आणून नक्कल न्यावी. जोडाक्षरांची जुळणी प्रोग्रॅममध्येच करून देण्याच्या प्रयत्नास दहावीच्या दोघींनी आरंभ केला आहे. ऱ्हस्व वेलांटी जागेवर आणण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. क्ष अजून तुटतो. या कामाची जाण असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी रविवारी दुपारी कक्षात यावे. दोघी तेथेच असतात.